कापलेलं तिसरं कडवं

तुमच्या मंडळात कुणाचं गाणं कुठे कापायचं, हे ठरवतं कोण? कधी विचारलंय? नाही ना? मग विंडसरच्या जयंतीचं ऐका.

जयंती म्हणजे डॉक्टर दीनानाथांची लेक. वय चोपन्न. मोटारींच्या कारखान्यात सव्वीस वर्षं गाड्यांना दारं बसवतेय. संप झाला की गेटवर सगळ्यांत पुढे हीच. नवरा ग्लेन त्याच कारखान्यात वेल्डर. त्यानं तिला गिटार शिकवली आणि ही बाई मराठीतून कंट्री, म्हणजे गोऱ्यांची गावरान गाणी, गायला लागली! स्वतः रचलेलं गाणं मात्र एकच: एकतीस वर्षांपूर्वी ग्लेनवर जीव जडला आणि बापाचं घर सोडून ती निघाली, त्याचं.

यंदा गणपतीत मिसिसागातल्या मंडळानं डॉक्टरांचा सत्कार ठरवला आणि लेकीला गायला बोलावलं. आपल्याकडची रीत ठाऊकच आहे. वाद्यं आणायची नाहीत, साथीचा रेकॉर्ड केलेला ट्रॅक आधी पाठवायचा, कमिटी ऐकणार, मग पास. तिनं त्याच गाण्याचा, ग्लेनच्या गिटारचा ट्रॅक पाठवला, सोबत शब्द. अध्यक्ष रविकांतचा फोन आला.

"जयंतीताई, फर्स्ट क्लास! फक्त ते तिसरं कडवं... बेसमेंटचं. काका पहिल्या रांगेत असणार हो. फॅमिली ऑडियन्स आहे."

"फॅमिलीचंच आहे ते. माझ्या."

"थोडं ॲडजस्ट करा ना!"

"नाही करणार."

तो हसला. तिला वाटलं, विषय मिटला.

रविवारी दोन कडवी झाली, तिसऱ्यासाठी तिनं श्वास घेतला आणि ट्रॅक संपला. कापलेला! न सांगता! लोकांनी टाळ्याही वाजवल्या. विंगेतून रविकांत हात जोडून "या आता" म्हणत होता.

जयंतीच्या डोक्यात तिडीक गेली. कारखान्यातल्या एकाही सुपरवायझरची तिला गप्प करायची टाप नव्हती, आणि हा कोण लागून गेला? तिनं टाच आपटून ठेका धरला. मागे भिंतीशी उभ्या ग्लेननंही, एक शब्द कळत नसताना, बूट आपटायला सुरुवात केली.

बेसमेंटला कडी घातली, बाबा, तुम्ही चार दिवस,
खिडकीवरच्या बर्फाला मी बोलत होते एकच नवस.

माईक बंद झाला. ती गातच राहिली. तेवढ्यात पहिल्या रांगेत शहाऐंशी वर्षांचे दीनानाथ काठी टेकत उठले.

"चार नाही," ते म्हणाले. "सहा. सहा दिवस कोंडलं होतं मी हिला."

वरचे दोन दिवस जयंतीनंच गाळले होते, म्हाताऱ्याची लाज राखायला. तिचा आवाज फाटला. मग तिनं तेच कडवं पुन्हा म्हटलं, चारच्या जागी सहा घालून.

सोमवारी मंडळाच्या ग्रुपवर व्हिडिओ आला. आरती आहे, सत्काराची शाल आहे, बटाटेवड्यांची रांगसुद्धा आहे. गाण्याची मात्र दोन कडवी आणि वर टाळ्या! ज्याची अब्रू जपायची म्हणून कात्री चालवली, त्यानं भर हॉलमध्ये दिलेली कबुलीही कापली. मग जपताय कुणाची अब्रू? जयंतीनं ग्रुपवर नेमकं हेच विचारलं. रविकांतनं हात जोडल्याचं चित्र टाकलं. बस्स.

त्या दिवशी हॉलमध्ये निम्म्या लोकांचे मोबाईल वर होते. त्यांत तुमचा असेल, तर ते गाणं ग्रुपवर टाका. आणि कृपा करून कापू नका.