तुरा बसेपर्यंत

तुरेवाल्यांच्या डोक्यावर मागे एक भोवरा होता आणि त्यातून केसांचा एक झुपका कायम उभा राही. तेल लावा, पाणी लावा, रात्रभर टॉवेल बांधून झोपा, सकाळी हा आपला उभाच. शाळेत पडलेलं हे नाव त्यांच्या मागोमाग बँकेतही आलं. बँकेच्या दारावर पहारा करण्यात त्यांची हयात गेली आणि हयातभर टोपी त्या तुऱ्यावर जरा तिरकीच बसली. निरोपाच्या समारंभात साहेब म्हणाले, "बँकेच्या शिरपेचातला तुरा आज निवृत्त होतोय," तेव्हा सगळ्यांत मोठ्यानं तुरेवालेच हसले. टोपी मात्र त्याच दिवशी जमा करावी लागली.

या तुऱ्याला वठणीवर आणणारं जगात एकच माणूस होतं, त्यांची बायको. रोज सकाळी ते ड्युटीला निघाले की ती भांडी टाकून यायची आणि ओला तळहात त्यांच्या डोक्यावर दाबून धरायची. "धरून ठेवल्याशिवाय बसत नाही मेला. हलू नका." आणि हलायची सोय नाही म्हटल्यावर, जे काही सांगायचं ते ती तेवढ्यात सांगून घ्यायची. नळ गळतोय. शेजारीण हल्ली घुश्शात असते. काल झोपेत कण्हत होतात, डॉक्टरकडे जाऊन या. तुरेवाले मान खाली घालून हं हं करायचे. एरवी दोघंही अबोल, त्यामुळे संसारातलं खरं बोलणं काय ते एवढंच, तुरा बसेपर्यंतचं.

निवृत्तीनंतर ते दिवसभर चालेल असं त्यांना वाटलं होतं. पण लेकीला बाळ झालं आणि बायको समुद्रापलीकडे तिच्याकडे गेली. जाताना म्हणाली, "बाळानं मान धरली की आलेच." बाळानं मान धरली. मग ते पालथं पडलं, बसलं, रांगलं, आणि दर वेळी तिचं येणं पुढे सरकलं. आता सगळे ते चालायची वाट बघत होते, आणि बाळ असं लबाड की खुर्चीला धरून उभं राही आणि हसून पुन्हा बसकण मारी. तुरेवाल्यांना नातवाचा राग यायचा, आणि मग स्वतःचीच लाज वाटायची.

दर रविवारी व्हिडिओ कॉल व्हायचा. बायकोची नजर आधी तुऱ्यावर जायची. "अहो, काय हा अवतार!" तुरेवाल्यांनी मनाशी ठरवलं, एकदा असं टापटीप दिसायचं की हिला घराची ओढच लागली पाहिजे.

ते कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये गेले. सलूनवाल्याच्या स्वतःच्या डोक्यावर औषधालाही केस नव्हता. त्यानं काउंटरवर डब्या मांडल्या. "हे जेल. चमकतं, पण वाळलं की कडक होतं आणि कोंड्यासारखं झडतं. हे पोमेड, चापूनचोपून भांग पाडणाऱ्यांसाठी. तुम्हाला वॅक्स घ्या. चमक कमी, पकड जास्त."

"तुम्ही काय लावता?" तुरेवाल्यांनी विचारलं.

"मी वरून फडकं मारतो," सलूनवाला म्हणाला.

घरी आल्यावर तुरेवाल्यांनी डबीवरचं काही वाचलं नाही. डोक्याला लावायची वस्तू म्हणजे तेलासारखीच लावायची, एवढं त्यांना ठाऊक होतं. अंघोळ करून ओल्या केसांत दोन बोटं भरून वॅक्स घातलं आणि टाळूवर खसाखसा चोळलं. केसांच्या चिकट लडी झाल्या, उशीचा अभ्रा गेला, आणि तुऱ्याचे तीन तुरे झाले.

"तेल चोळलंत होय!" सलूनवाला हसून हसून खुर्चीत बसला. मग त्यानं नीट दाखवलं. केस कोरडे हवेत. वॅक्स वाटाण्याएवढंच घ्यायचं, तळहातांवर चोळून दिसेनासं होईपर्यंत गरम करायचं, मग मुळाशी बोटं घालून भोवऱ्याच्या वळणानंच फिरवायचं. "त्याच्याशी भांडू नका. तो जिकडे जातोय तिकडेच न्या आणि बसवा."

तुरेवाल्यांनी आठवडाभर आरशासमोर सराव केला. रविवारी तुरा बसला. आयुष्यात पहिल्यांदा, बायकोच्या हाताशिवाय, गुपचूप बसला.

फोनवर लेक ओरडलीच. "बाबा! अहो, हिरो झालात की! आई, बघ, उगाच काळजी करत होतीस. किती छान चाललंय त्यांचं. बाबा, मग बाळ पाळणाघरात रुळेपर्यंत राहू दे ना आईला?"

तुरेवाल्यांना नाही म्हणायचं होतं. पण हिरो काय बोलणार? "राहू दे की. माझं काय अडलंय?"

बायको बराच वेळ त्यांच्या डोक्याकडेच बघत होती. "कुणी बसवला?"

"मीच. वॅक्सनं."

"बरं," ती म्हणाली. आणि त्या दिवशी नळाबद्दल, डॉक्टरबद्दल, काहीच न विचारता तिनं फोन लेकीकडे दिला.

तो आठवडा तुरेवाल्यांना खायला उठला. शेवटी ते सलूनमध्ये जाऊन बसले. "तुमचं वॅक्स फारच चांगलं निघालं हो," ते पडेल आवाजात म्हणाले.

"ही तक्रार पहिल्यांदाच ऐकतोय," सलूनवाला म्हणाला.

पुढच्या रविवारी तुरेवाल्यांनी शाम्पूनं डोकं धुतलं आणि तसंच वाळू दिलं. बायको समोर आली तेव्हा तुरा पहिल्यासारखा ताठ होता.

"संपलं वाटतं वॅक्स?"

"नाही. डबी भरलेली आहे."

"मग?"

लेक बाजूलाच होती, बाळ रडत होतं. एवढ्या लोकांत असलं काही बोलायची तुरेवाल्यांना कधी सवय नव्हती. पण ते बोलले. "मागच्या वेळी मी खोटं बोललो. माझं अडलंय. तुझ्यावाचून फार अडलंय. तू ये."

मग फोन अचानक काळा पडला. तुरेवाल्यांना वाटलं, कॉल तुटला. ते घाबरून बटण शोधू लागले, तेवढ्यात त्या काळोखातून आवाज आला, अगदी जवळून, कारण तिनं तळहात फोनवर दाबून धरला होता.

"हलू नका," ती म्हणाली. "नळ दुरुस्त करून घेतलात का? आणि डॉक्टरकडे जाऊन आलात का? हिला मी आजच तिकीट काढायला सांगते."

तुरेवाल्यांनी मान खाली घातली. हं, म्हणाले, आणि न हलता उभे राहिले.