बिनासहीची गोष्ट

आमच्या इमारतीत राहायला आलेल्या माणसाला नळाचं पाणी वेळेवर मिळेल, याची खात्री मी सोसायटीचा सेक्रेटरी असूनही देऊ शकत नाही. पण आठ दिवसांच्या आत तिसऱ्या मजल्यावरच्या सिस्टर त्याच्या दारात उभ्या राहतील, याची मात्र लेखी हमी देतो. ट्रकमधून सामान उतरत असतं, कपाट जिन्याच्या वळणावर अडकलेलं असतं, हमाल एकमेकांवर ओरडत असतात, आणि त्या गोंधळातून पांढऱ्या साडीतली एक ठेंगणी बाई वाट काढत येते, घरातल्या सगळ्यात लहान मुलाच्या डोळ्याची पापणी खाली ओढून पाहते आणि त्याच्या आईला सांगते, "रक्त कमी हाये पोराचं. लोखंडाच्या कढईत भाजी करत जा, बाई." नाव त्यानंतर विचारलं जातं. गाव, जात, नवऱ्याची नोकरी, या आपल्याकडे पहिल्या पाच मिनिटांत उरकायच्या चौकश्या त्यांनी आजवर कुणाकडे केल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

सिस्टर मूळच्या चामोर्शीकडच्या. सगळी नोकरी त्यांनी भामरागडच्या जंगलात, एका मिशनच्या दवाखान्यात नर्स म्हणून काढली. निवृत्त झाल्यावर चंद्रपूरला आल्या आणि गुडघे दुखत असताना लिफ्ट नसलेल्या इमारतीत नेमका तिसरा मजला निवडला. का, तर खालून वर जाताना सगळी दारं वाटेत लागतात. दवाखान्यातून त्या बाहेर पडल्या तरी दवाखाना त्यांच्यातून काही बाहेर पडला नाही. आमच्या फ्लॅटना त्या आजही खाटा म्हणतात. "एकशे तीनच्या खाटेले खोकला हाये" असं त्या म्हणाल्या की समजायचं, पहिल्या मजल्यावरच्या आजोबांची रात्र वाईट गेली. रोज संध्याकाळी त्यांचा राउंड निघतो. आपण चहा पीत असलो तर कपात किती साखर पडते ते त्यांना दिसतं, आणि भांडत असलो तर त्या दारातच उभ्या राहून भांडण संपायची वाट पाहतात. आमच्या घरातली किमान तीन भांडणं केवळ त्यांना ताटकळत ठेवायला नको म्हणून मिटली आहेत.

पण सिस्टरांचा खरा कारभार शनिवारी दुपारी चार वाजता, इमारतीखालच्या पार्किंगमध्ये चाले. स्कूटर बाजूला सरकवून चटया अंथरायच्या, इमारतीतली पोरं जमवायची आणि त्यांना येशूच्या गोष्टी सांगायच्या. पोरांना लालूच नको म्हणून खाऊ अजिबात नाही. "खाऊ खाऊन आयकलेली गोष्ट पोटात जाते, गुरुजी, कानात नाई," असं त्यांनी मला, म्हणजे निवृत्त शिक्षकाला, ऐकवलं होतं. उलट चटईवर बसण्याआधी प्रत्येकाची नखं तपासली जात आणि वाढलेली असली तर तिथंच कापली जात. तरी पोरं धावत यायची, कारण बाईंच्या गोष्टी सगळ्या इकडच्याच मुलखात घडत. महापूर यायचा तो पर्लकोटा नदीला, आणि नाव बांधायला लाकूड लागायचं ते सागाचं. एकदा त्यांनी शंभर बकऱ्यांची गोष्ट सांगितली. एक हरवते, तेव्हा धनी नव्व्याण्णव बकऱ्या सोडून तिला शोधायला जंगलात जातो. चंद्रपूरची पोरं ती. एकानं लगेच विचारलं, "सिस्टर आजी, अन् बाकीच्या नव्व्याण्णवले वाघानं खाल्लं तं?" सिस्टरांनी गोष्ट तिथंच थांबवली. आठवडाभर त्या राउंडलाही विचारात दिसत होत्या. पुढच्या शनिवारी आल्या आल्या म्हणाल्या, "त्याहीले कोठ्यात कोंडून गेलता तो. मी विचारलं." कुणाला विचारलं, असं मी विचारल्यावर त्यांनी नुसतं वर बोट दाखवलं.

पापणी ओढताना कुणाची परवानगी न मागणारी ही बाई गोष्ट सांगताना मात्र भलती काटेकोर. दवाखान्यात ऑपरेशनआधी नातेवाइकांची सही घेतात, तशी त्या प्रत्येक मुलाच्या आईबापांची सही घेत. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदावर त्यांच्या टपोऱ्या अक्षरात मजकूर असे: 'आमच्या मुलास येशूच्या गोष्टी ऐकवण्यास आमची हरकत नाही. गोष्टीमुळे मूल प्रश्न विचारू लागल्यास आमची तयारी आहे.' आईची सही वेगळी, बापाची वेगळी. मी एकदा त्यांना हसलो, तर म्हणाल्या, "पोट उघडाच्या आधी सही घेतो आमी. हे तं मन हाये." समोरच्या फ्लॅटमधल्या बौद्ध प्राध्यापिका बाईंनी सही करताना खाली स्वतःची एक ओळ वाढवली: 'मुलीच्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर मिळावं.' सिस्टर तो कागद महिनाभर सगळ्यांना दाखवत फिरल्या.

मग कुठूनतरी वारं आलं. पहिल्या मजल्यावरच्या ठेकेदारांना कुणीतरी मोबाइलवर काहीतरी पाठवलं आणि त्यांनी सोसायटीची सभा बोलावली. पोरांना लालूच दाखवून धर्म बदलवतात, वर्ग बंद झालाच पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. प्राध्यापिका बाईंनी विचारलं, "नखं कापून घ्यायची लालूच कोणाले असते, भाऊ?" थोडे लोक हसले, पण फार नाही. ठेकेदार मोठ्यानं बोलत होते आणि बाकीचे जमिनीकडे पाहत होते. सेक्रेटरी या नात्यानं बोलायची पाळी माझी होती. सिस्टरांनी पाच वर्षांत एकाही घरात धर्म बदलायचा शब्द काढला नव्हता, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी उठलो, घसा साफ केला आणि म्हणालो की सार्वजनिक जागेचा वापर नियमानुसार व्हावा. हे वाक्य मला आजही जेवताना आठवतं. दुसऱ्या दिवशी पार्किंगमध्ये कार्यक्रमाला मनाई करणारी नोटीस माझ्या सहीनं फळ्यावर लागली.

सिस्टर भांडल्या नाहीत. मात्र त्या म्हणाल्या, "सही देऊन भरती झाली, सुटी बी सही देऊनच होईन." दवाखान्यात डॉक्टरांचं न ऐकता पेशंट घरी न्यायचा असेल तर नातेवाइकांकडून तसं लिहून घेतात; त्या धर्तीवर त्यांनी नवे कागद तयार केले: 'आम्ही आमच्या मर्जीने मुलास गोष्टींतून काढून घेत आहोत.' ते घेऊन त्या दुखऱ्या गुडघ्यांनी जिना चढत-उतरत एकेका दारी गेल्या. आमच्याकडे आल्या तेव्हा माझी सात वर्षांची नात माझ्या धोतराला धरून उभी होती; तिचे आईबाप नोकरीसाठी नागपूरला, म्हणून त्यांच्या जागी सही आम्हा दोघांची. खरं सांगायचं तर नातीला काढायची मला काही गरज नव्हती. नोटीस पार्किंगपुरती होती. पण नोटीस लावणाऱ्याच्याच घरचं पोर वर्गाला गेलं तर ठेकेदार काय म्हणतील, ही भीती. मी घाईनं पेन उचललं.

"वाचून सही करा, गुरुजी."

"काय लिहिलंय ते ठाऊक आहे मला."

"तरी बी वाचा. घाईची सही मंग दुखते."

मी वाचलं आणि सही केली. आमच्या सौ.नं माझ्याकडे न बघता केली आणि पुढचे आठ दिवस भाजीत मीठ आपल्या मर्जीनं टाकलं.

अर्ध्याहून जास्त घरांनी पोरं काढून घेतली. उरलेल्यांना घेऊन सिस्टरांनी वर्ग स्वतःच्या हॉलमध्ये चालू ठेवला, वेळ तीच, चटया त्याच. राउंडही चुकला नाही. काढून घेणाऱ्यांच्या घरी त्या आधी जात. ठेकेदार त्यांच्याशी बोलत नसत, पण ब्लडप्रेशर मोजून घ्यायला दंड पुढे करत आणि तोंड भिंतीकडे वळवत. "औषध घेऊन राह्यले का, भाऊ?" असं सिस्टर विचारत, आणि भाऊ भिंतीला मान हलवून दाखवत.

आमच्या घरात मात्र वेगळीच पंचाईत झाली. पार्किंगमधला वर्ग शेवटचा भरला त्या शनिवारी गोष्ट अर्धी राहिली होती. एका सावकाराचा धाकटा मुलगा बापाकडून आपला वाटा घेऊन परगावी जातो, सगळं उधळतो आणि शेवटी डुकरं राखता राखता त्यांचाच चारा खायची त्याला इच्छा होते. तिथं पाच वाजले होते. नात रोज विचारी, "आबा, तो पोरगा घरी गेला का नाई? बापानं त्याले मारलं का?" मला ठाऊक नव्हतं. चाळीस वर्षं मुलांना धडे शिकवलेल्या माणसाला सात वर्षांच्या पोरीपुढे 'माहीत नाही' म्हणावं लागत होतं. मी मनानंच एकदा शेवट करून सांगितला. बापानं मुलाला चांगला दम देऊन घरात घेतलं, असा. नात म्हणाली, "हे तुमी सांगितलं. सिस्टर आजीचं वेगळं असन."

शेवटी एका शनिवारी साडेतीनच्या सुमारास मी तिसऱ्या मजल्यावर गेलो. मनाशी ठरवलं होतं, शेवट तेवढा विचारायचा आणि उतरायचं. दार लोटलेलं होतं. आतून सिस्टरांचा आवाज येत होता. वर्गाआधी त्या प्रार्थना करत होत्या, राउंडला बोलतात त्याच सुरात, एकेक फ्लॅट घेऊन. एकशे तीनच्या आजोबांचा खोकला, प्राध्यापिका बाईंच्या मुलीची परीक्षा. ठेकेदारांचा नंबर आला तेव्हा म्हणाल्या, "बापा, याचं बीपी उतरत नाई. कोणाची तरी भीती भरून हाये याच्या पोटात, तेवढी काढ." मग दोनशे दोन, म्हणजे आम्ही. "हे गुरुजी. माणूस चांगला हाये, बापा. हिंमत कमी पडते. थोडी दे त्याले. अन् नातीले झोप दे, गोष्ट अर्धी राह्यली तिची."

मी त्या दारात किती वेळ उभा होतो कोण जाणे. रडू आलं, हे लिहायला आता मला लाज वाटत नाही. पुरे सहा महिने मी या बाईंच्या राउंडची वेळ टाळून जिना उतरत होतो, आणि तितके दिवस इथं माझी अशी वकिली चालली होती.

आत गेलो आणि म्हणालो, "सिस्टर, त्या पोराचं पुढं काय झालं तेवढं सांगा."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "तुमची सही हाये, गुरुजी, काढून घेतल्याची. बिनासहीची गोष्ट नाई सांगत मी."

"मग ती सही रद्द करा."

"जुना कागद नाई चालत. नवीन भरती." आणि खरोखरच त्यांनी कॅलेंडरचं पान पुढे केलं. मी या वेळी दोनदा वाचून सही केली, खाली जाऊन सौ.ची आणली, आणि खाली उतरलोच आहे तर म्हणून फळ्यावरची नोटीसही काढली. ठेकेदार गॅलरीतून ओरडले, "काऊन काढली, गुरुजी?" मी नोटीस घडी करून सदऱ्याच्या खिशात घातली आणि म्हणालो, "मी लावली होती भाऊ, मीच काढली. सभा बोलवा, सगळ्यांसमोर सांगतो." सभा झाली, मी सांगितलं, आणि या खेपेला जमिनीकडे पाहणारे बरेच लोक वर पाहू लागले. ठेकेदारांनी वर्षभर माझ्याशी बोलणं टाकलं. दंड अजूनही पुढे करतात म्हणे.

नोटीस काढली त्याच दुपारी चटया खाली नेल्या त्या मी आणि सिस्टरांनी मिळून. मला शेवट तेव्हाच कळला. बाप दम वगैरे देत नाही, तो लांबूनच मुलाला पाहतो आणि धावत सुटतो. नातीनं माझ्याकडे वळून पाहिलं. माझा शेवट किती चुकला होता ते तिला दाखवायचं होतं.

आता नात आईबापांबरोबर नागपूरला असते. सिस्टरांचे गुडघे फार थकलेत, सावली गावचा भाचा त्यांना न्यायला टपलेला आहे, आणि त्या "इथल्या खाटा भरल्या हायेत अजून" म्हणून त्याला परत पाठवतात. किती दिवस पाठवतील, सांगवत नाही. मी दारात उभं राहून ऐकलं होतं हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. शनिवारी साडेतीन वाजले की मी आमच्या जिन्यात येऊन क्षणभर थांबतो. वरचं काही ऐकू येत नाही. दोनशे दोनसाठी त्या अजून तेच मागतात की आता दुसरं काही, ते विचारायची हिंमत मला अजून झालेली नाही.