यादीत पहिलं नाव हौसाचं

मंडळी, आज शहापूरला आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा कविता म्हणण्याचा कार्यक्रम झाला. मी तर आठवडाभर मनानं जुन्या बाकावरच बसलो होतो.

आयोजन एका हुशार मुलीकडे होतं. माइक चोख, खुर्च्या नेटक्या, प्रत्येकाला तीन मिनिटं. फक्त यादीत पहिलं नाव होतं माझी वर्गमैत्रीण हौसाचं, आणि ती येणार होती डोळखांबच्या पलीकडच्या पाड्यावरून. तिचं नाव पुकारलं तेव्हा तिची एसटी वाटेतच होती.

हौसा पोचली तेव्हा आभार चालले होते.

"पयल्याच गाडीनं निघाले रे. त्याच्या आधी गाडीच नाय!"

ती मुलगी ओशाळली. "आजी, आता म्हणा ना. मी हॉलवाल्यांना थांबवते."

"नको गो पोरी, परतीची गाडी चुकंल." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तुला गाडीचा टाइम ठाव नव्हता व्हय रे, शहाण्या?"

ठाऊक होता. यादी परवाच ग्रुपवर आली होती. मी वाचली, अंगठ्याचं चित्र टाकलं आणि मोकळा झालो.

आमचे गुरुजी आधी एसटीच्या वेळा विचारायचे, मग यादी करायचे. लांबच्या पोरांची नावं शेवटी.

हौसाच्या कवितेची मला दोनच कडवी आठवतात. पुढची फक्त तिला पाठ आहेत. ती ऐकायला आज मी सगळ्यांत पुढे बसलो होतो.

तुमच्याकडे कार्यक्रम ठरतो, तेव्हा शेवटच्या पाड्याची गाडी कधी येते, हे कोण विचारतं?