उतारावरचे व्याही

आमच्या व्याह्यांनी आयुष्यात कुठलेही महत्त्वाचे काम सपाट जमिनीवर केलेले नाही. त्यांचा न्हावी उतारावर, दातांचा डॉक्टर उतारावर. पणजीच्या कचेरीत काम निघाले की ते आधी आल्तिनोच्या टेकडीवर जात आणि तिथून छत्री टेकत पायी खाली येत. फोंड्याला देवदर्शनाला गेले तर देवळाच्या प्रशस्त आवाराकडे ढुंकूनही न पाहता अलीकडच्या घाटीत थांबत. याचे कारण त्यांची गाडी. पांढरी, चौकोनी, मागच्या काचेवर गणपती आणि पुढच्या सीटसमोर पायाशी भोक. त्या भोकावर त्यांनी जुना पोळपाट ठेवला होता आणि बसणाऱ्याला ‘पाय पोळपाटावर’ एवढीच सूचना असे. चावीने सुरू व्हायचे या गाडीने केव्हाच सोडून दिले होते. तिला उतारावरून मोकळी सोडायची, वेग आला की गियरमध्ये घालायची, मग एक गचका आणि खोकत खोकत प्रवास सुरू. नवी बॅटरी घाला म्हटले की ते माझ्याकडे कीव आल्यासारखे बघत. “बॅटरी आज आसा, फाल्यां ना. उतार खंय वतलो?” उद्याची खात्री फक्त उताराची, असा त्यांचा हिशेब.

मुलीसाठी आमचे घर बघायला ते सर्वणहून डिचोलीला पहिल्यांदा आले तो दिवस मला लख्ख आठवतो. आमचे घर चढणीच्या टोकाला आहे आणि फाटकापासून बाजाराच्या रस्त्यापर्यंत एकच सरळ उतार. ते गाडीतून उतरले, वाकून खालपर्यंत नजर टाकली, टाचेने रस्ता दाबून पाहिला आणि मला बाजूला घेऊन हळूच विचारले, “पावसांत हांगा शेवाळ धरता?” मी नाही म्हणालो. त्यांचा चेहरा उजळला. घरात कोणी पाण्याचा तांब्या आणायच्या आत त्यांनी सोयरीक मनोमन पक्की केली होती. आमचा मुलगा काय करतो हे त्यांनी साखरपुड्याच्या दिवशी विचारले. जाताना डिकीतून चिऱ्याचा एक ओबडधोबड तुकडा काढून त्यांनी फाटकाशी ठेवला. पुढच्या वेळी चाकाखाली लावायला. आपल्या मुलीआधी त्यांनी आमच्या घरी तो दगड नांदायला पाठवला, असे माझी बायको अजून म्हणते.

लग्न लागले तेव्हापासून हा माणूस रोज संध्याकाळी येऊ लागला. बाजार सपाट, म्हणून गाडी आमच्या उतारावर. पण मुलीच्या सासरी बापाने कारणाशिवाय पाय ठेवू नये, ही जुनी रीत त्यांच्या हाडात मुरलेली. त्यामुळे रोज दारात उभे राहून कारण सांगायचे, “गाडी लावपाक आयलां.” मग बाजार करून परत यायचे, पिशवी पायरीवर ठेवायची आणि नको नको म्हणत चहा घ्यायचा. चहात पाव बुडवण्याची त्यांची स्वतंत्र पद्धत होती. पाव आत सोडून ते शांतपणे दुसऱ्या विषयावर बोलत आणि तो बुडाला की चमच्याने शोधत बसत. काजूचा मोहोर, देवळाचे रंगकाम, जावयाचे पोट, सगळ्या विषयांवर त्यांचे मत तयार असे आणि माझे मत त्याच्या नेमके उलट निघे. वाद अर्ध्यावर आला की ते उठत, दगड काढत आणि उतारावरून निघून जात. शेवटचा शब्द रोज गाडीच्या खोकल्याचा.

मग मुलगा आणि सून नोकरीसाठी पुण्याला गेले. मला वाटले, आता हे कशाला येतील? पण दुसऱ्या दिवशी दारात हजर, “गाडी लावपाक आयलां.” मला बरे वाटले आणि त्याचबरोबर एक किडाही डोक्यात शिरला. लेक इथे नाही, मग हे येतात ते माझ्यासाठी की उतारासाठी? मी बायकोला विचारले. ती म्हणाली, “उतार बोलत नाही, वादही घालत नाही. त्यालाच पसंती असणार.” मी हसलो खरा, पण तो प्रश्न काही गेला नाही. सर्वणच्या घरात ते एकटेच असतात आणि डिचोलीत आम्ही दोघेच, त्यामुळे उत्तराची मला अंमळ धास्तीच होती.

यंदा मेस्तने, म्हणजे त्यांच्या गॅरेजवाल्याने, हात जोडले. वेल्डिंग करायला पत्राच शिल्लक नव्हता. गाडी भंगारात द्यायची ठरली आणि व्याह्यांनी अट घातली की ती निघेल ती आमच्याच उतारावरून. ठरल्या दिवशी त्यांनी नारळ फोडला, बॉनेटवर झेंडूची माळ घातली, पोळपाट काढून माझ्या बायकोच्या स्वाधीन केला. मग आत बसले, मी दगड काढला. गाडी सुटली. पण ती गियरमध्ये घालायला त्यांचा हात उठला नाही. आवाज न करता ती पार खाली सपाट रस्त्यावर, तिला न्यायला आलेल्या मेस्तसमोर जाऊन उभी राहिली. मी धावत गेलो आणि धक्का द्यायला मागे हात टेकले.

“धक्को कित्याक?” म्हणत मेस्तने खिडकीतून हात घालून चावी फिरवली. गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. मी टेकलेले हात काढून घेतले. मेस्त सहज म्हणाला, “नवी बॅटरी हांवेंच घाल्या. हांचें चेडूं, तुमची सून, पुण्याक गेलें त्याच वर्सा.”

व्याही रुमालाने आरसा पुसत होते. बराच वेळ पुसला. माझ्याकडे त्यांनी एकदाही पाहिले नाही. मेस्त गाडी घेऊन गेला आणि ते बसने सर्वणला गेले.

पुढे दहा दिवस त्यांचा पत्ता नाही. बाजारात येत असणार, पण बस थेट बाजारात थांबते, वर यायला कारण काय? मी चहाच्या वेळी फाटकाशी उगाच फेऱ्या घालू लागलो. मला त्यांची आठवण येत होती, आणि हे त्यांना सांगायचे कसे ते मला कळत नव्हते. व्याह्याला असले काही कोण सांगतो? अकराव्या दिवशी त्या दगडाला ठेच लागली आणि मी फोन उचलला. म्हटले, “व्याही, तुमचो फातर हांगाच उरला. घेवन वचात.”

ते दुसऱ्याच दिवशी आले. चढण पायी चढून घामाघूम झालेले. दारात उभे राहून म्हणाले, “फातर व्हरपाक आयलां.” बॅटरीचा विषय ना त्यांनी काढला ना मी. पाव बुडाला, शोधला, देवळाच्या रंगावरून आमचे कडाक्याचे वाजले. निघताना त्यांनी दगड दोन्ही हातांनी थोडा उचलून पाहिला आणि परत ठेवला. “आज पिशयेंत नुस्तें आसा,” पिशवीतले मासे दाखवत ते म्हणाले, “फाल्यां व्हरतां.”

या गोष्टीला चार महिने झाले. ते रोज दगड न्यायला येतात. परवा पावसाने तो थोडा खाली सरकला होता, मी भिजत जाऊन परत जागेवर आणून ठेवला.