सईच्या कुंपणापलीकडे

मिल्टन कीन्समधून गाडी निघाली आणि एकामागून एक राउंडअबाउट (वळसा घालून जायचे गोल चौक) सुरू झाले. ताई मजेत गाडी चालवत होती, मी गरगरत होते. पण आज त्याचंही कौतुक वाटत होतं. ताईची मुलगी सई ब्रिस्टलच्या विद्यापीठात बेसबॉल खेळते आणि आज तिचा शेवटचा सामना होता.

स्टेडियम म्हटल्यावर मी दुर्बीणच घेतली होती. प्रत्यक्षात गावाबाहेरचं हिरवंगार मैदान, थोडे लाकडी बाक आणि चहाची खिडकी. तरी सई नवं घर दाखवावं तसं सगळं दाखवत होती.

"आधी इथे फक्त फुटबॉल पिच होता, मावशी. स्टुडंट्स स्वतः लाइन्स मारायचे. मग एका बॅचने नेट लावला, मग डगआउट (खेळाडूंची बसायची शेड). आणि ही फेन्स आमची. कौन्सिलच्या किती मागे लागलो!"

"मग मार की एक त्याच्यावरून."

"अजून जमला नाही. आज लास्ट चान्स."

चेंडू कुंपणापार गेला की होमरन, म्हणजे आपला षटकार. आपणच उभारलेल्या कुंपणावरून एकदा तरी चेंडू मारून मगच विद्यापीठ सोडायचं, एवढंच तिच्या मनात होतं. मला बाकावर बसवेना. ताईने डब्यातून दिलेलं धपाटं हातात घेऊन मी कुंपणामागे जाऊन उभी राहिले.

सईच्या आधीच्या खेळी फुकट गेल्या. शेवटच्या वेळी मात्र टक्क आवाज आला आणि चेंडू माझ्या डोक्यावरून गवतात पडला. मी धपाटं टाकून धावले, चेंडू उचलला आणि होता नव्हता तेवढा जोर लावून मैदानात फेकला. लहानपणापासूनची गल्ली क्रिकेटची सवय. टाळ्या वाजत होत्या, त्यातल्या थोड्या मला माझ्याही वाटल्या.

सामना संपताच सई धावत आली. "मावशी, माझा बॉल?"

"दिला की लगेच परत."

तिचा चेहरा पडला. कुंपणापार गेलेला चेंडू बेसबॉलमध्ये ज्याला सापडेल तो आठवण म्हणून ठेवतो, हे मला तेव्हा कळलं. पंचांनी तो बाकीच्या चेंडूंच्या बादलीत टाकला होता. आम्ही दोघी बादलीपाशी बसलो, पण सगळेच सारखे मळलेले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शेवटी सईनेच झाकण लावलं. "राहू दे. यातला एक माझाच ना? नेक्स्ट इयरची मुलं त्याच्यावरच प्रॅक्टिस करणार." आणि ती बादली शेडमध्ये ठेवून आली.

पुण्याला परतल्यावर परवा खाली खेळणाऱ्या मुलींचा चेंडू आमच्या गॅलरीत आला. मी तो फेकायला हात उचलला, पण फेकला नाही. आधी वाकून विचारलं, "कोणी मारला गं हा?"