भागिनाथची हाळी

भागिनाथ वर मरत होता आणि मी खाली त्याच्या चपलांजवळ उभा होतो.

चाळीस मिनिटं.

आज त्याला वर्ष झालं. वर्षभर मी सगळ्यांना जे सांगत आलो ते अर्धंच खरं आहे. उरलेलं आज लिहितो.

भागिनाथ आमच्या बिडकीनच्या कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर होता. स्टोअरमध्ये माल उतरवायचा. माझ्याच वयाचा. लहानपण सगळं सोयगावकडच्या डोंगरांत, घरच्या मेंढरांमागं गेलेलं. इथं शहरालगतच्या सातारा परिसर नावाच्या वस्तीत भाड्यानं राहायचा आणि रोज उजाडताना मागचा डोंगर पळत चढायचा.

अनवाणी.

मी घाबरट माणूस आहे. ओळखणाऱ्यांना हे नव्यानं सांगायला नको.

तेव्हा कंपनीत ऑर्डरी कमी झाल्या होत्या. दर आठवड्याला कुणीतरी घरी बसायचं. माझी झोप उडाली, छाती धडधडायची. दोनदा ईसीजी काढला. दोन्ही नॉर्मल.

कॅन्टीनमध्ये भागिनाथनं माझा चेहरा बघितला आणि म्हणाला, "साहेब, उद्या डोंगरावर या."

मी नवेकोरे स्पोर्ट्स शूज घालून हजर. त्यानं बुटांकडं बघितलं.

"काढा ते."

"काटे असतील रे."

"हायेत की. मोडला तर बसायचं, काढायचं. त्याच्याफुडं काय हाय?"

"आणि बिबट्या? ग्रुपवर व्हिडिओ फिरतोय."

"भेव ऱ्हाऊ द्या साहेब. पण पायात ऱ्हाऊ द्या. डोस्क्यात चढू देऊ नका. मंग पाय बरोबर बघून पडतो."

त्याचा एक नियम होता. एका वेळी एकानंच चढायचं, दुसऱ्यानं खाली थांबायचं. वरच्याचं उरकलं की त्यानं हाळी द्यायची. मेंढरं राखणारे एका डोंगरावरून दुसऱ्या डोंगरावरच्याला देतात तशी, दोन्ही हात तोंडाशी धरून लांबलचक हाक. मग तो उतरायला लागणार, मी चढायला. मध्ये कुठंतरी गाठ पडायची, पण बोलायचं नाही.

"दोघं संगं गेलो की गप्पा व्हत्यात. तिथं एकट्यानंच जावं."

"वर त्या दगडापाशी बसून देवाला काय मागतोस?"

"मागत नाय. हजेरी देतो. कंपनीत पंच करतो ना, तसं. आलोय, एवढंच सांगायचं."

पहिला नेहमी तोच जायचा. त्याची हाळी ऐकली की माझे पाय सुटायचे. धापा टाकत पळायचो. खडे टोचायचे, आणि टोचत असायचे तोवर नोकरीची आठवण यायची नाही.

त्या दिवशी कॉन्ट्रॅक्टवाल्यांपैकी कुणाला कमी करणार, त्याची यादी लागणार होती. चप्पल काढताना तो म्हणाला, "आज जरा येळ लागंल, साहेब."

हाळी आली नाही.

दहा मिनिटं झाली. वाटलं, आज बरंच बोलायचं असेल त्याला. वीस झाली. चांगलं उजाडलं. मोर ओरडला आणि मी दचकलो.

नंतर सगळ्यांना मी हेच सांगितलं, की नियम होता, त्याच्या एकांतात जायचं नव्हतं, म्हणून थांबलो. लोक म्हणाले, केवढा आदर.

कसला आदर, कसलं काय.

मला भीती वाटत होती. हाळीशिवाय तो डोंगर चढायची माझी छाती नव्हती. दोनदा बूट काढले, वीस पावलं गेलो आणि परत आलो. शेवटी फिरायला आलेले दोन आजोबा चढायला लागले, तेव्हा त्यांच्या मागं मागं गेलो.

तो दगडाला टेकून बसला होता. तोंड उगवतीकडं. उजव्या तळव्यात काटा मोडलेला होता. तो काढायचा राहिला होता.

डॉक्टर म्हणाले, हार्ट. म्हणाले, लगेच गेला असेल, तुम्ही लवकर जाऊनही उपयोग नव्हता. ते "असेल" वर्षभर माझ्या उशाशी आहे.

ईसीजी माझा दोनदा झाला. त्याचा काढावा, हे मला एकदाही सुचलं नाही.

दुपारी यादी लागली. त्याचं नाव तिच्यात नव्हतं. नोकरी राहिली होती त्याची.

काल वहिनींकडं गेलो, त्याच्या बायकोकडं. सगळं सांगून टाकलं आणि आता या मला दारातून हाकलणार म्हणून खाली बघत बसलो.

त्या गहू निवडत होत्या. हात थांबला नाही.

"ठावं हाय मला," म्हणाल्या. "तुमी लई भेता, हे घरी सांगायचे की. त्यांना खरं तर मागून जायला आवडायचं, जरा ऊन आल्यावर. पण म्हणायचे, मी आधी जाऊन हाळी दिली नाय तर साहेब चढत नाय."

मी विचारलं, "राग नाही आला?"

"आला की. लई आला. तुमचा बी आन् त्यांचा बी." सूप बाजूला ठेवलं. "सकाळी मी येते. खाली उभी ऱ्हाते. तुमी चढा."

आज सकाळी वहिनी माझ्या बुटांजवळ उभ्या राहिल्या, डोक्यावर पदर घेऊन.

वर्षभरानंतर मी त्या वाटेला लागलो, आणि वरून कसलीही हाक नव्हती. प्रत्येक झुडपात बिबट्या होता. छाती अशी धडधडत होती की वाटलं, आज आपलाही नंबर. पळालो असं म्हणवत नाही, निम्म्याहून जास्त चाललोच. एक काटा मोडला. बसलो, काढला, उठलो.

वर त्याच्या दगडाजवळ उभं राहून म्हटलं, आलोय.

मग तोंडाशी हात धरले. पहिली हाळी चिरकली. दुसरी बरी गेली.

खालून वहिनींची आली. माझ्यापेक्षा कितीतरी मोठी. त्याही मेंढरांमागंच वाढल्यात, हे माझ्या ध्यानातच नव्हतं.

भागिनाथ, आज तुझीही हजेरी लावून आलो. कंपनीत दुसऱ्याचं पंच केलं तर मेमो मिळतो. तिथं चालत असावं.

भीती गेलेली नाही. पायात ठेवायला शिकतोय.

तू आता निवांत राहा. हाळी आम्ही देतो.