डोईफोडियाला परतलेली भुशाची पोती

१८ जानेवारी, रविवार

इतके महिने इथे काही लिहिलं नाही, माफ करा. मोठं कारण नव्हतं. मश्रूमच्या भुशावरच्या माझ्या जुन्या पोस्टचं तुम्ही इतकं कौतुक केलंत, की नवीन लिहायला बसलो की तेच पुन्हा वाचत बसायचो.

त्या पोस्टमध्ये लिहिलं होतं, की मश्रूम काढून झाल्यावर पिशवीत उरलेला भुसा पाण्यातले जड धातू धरून ठेवतो. बऱ्हाणपूरच्या माझ्या चुलतभावाने, प्रकाशदादाने, ते वाचून लगेच ड्रम बसवला. नळांना क्रोमचा मुलामा देण्याचा त्याचा छोटा कारखाना आहे. ड्रम बघायला शुक्रवारी निघालो.

भुसावळहून सकाळची गाडी धरली तर तासाभरात बऱ्हाणपूर येतं. स्टेशन शहराबाहेर लालबागला आहे; बाहेर शेअर रिक्षा उभ्या असतात. जाणार असाल तर आधी गरम मावा जिलबी खा. मी तसाच घाईने कारखान्यात गेलो.

वरून पिवळं पाणी ड्रममधल्या भुशावर पडत होतं आणि खालून जवळजवळ बिनरंगी येत होतं. सोबत नेलेली तपासपट्टी त्यात बुडवली. धातू कमी झाला होता, संपला नव्हता.

"अजून एक ड्रम लागेल, दादा."

"दोन लावू! तू फक्त लिहून दे भाऊ, आपण लावतो."

ताजा भुसा कुठून येतो ते विचारलं. डोईफोडियाहून, मंगलताईकडून. ती वहिनीची धाकटी बहीण. तिच्याकडे धिंगरी मश्रूमची शेड आहे. वापरलेला भुसा कुठे जातो, हे मात्र मी विचारलं नाही. छाती फुगली होती, हे लपवण्यात अर्थ नाही.

शनिवारी डोईफोडियाला जायला खकनारकडची बस घेतली. आधी केळीच्या बागा, मग सागाचं रान. खिडकीची जागा धरा, पण काच बसत नाही हे गृहीत धरा. मंगलताईने शेड दाखवली आणि जेवायलाच बसवलं. ज्वारीची भाकरी, मेथीची भाजी. मी भाजी दोनदा मागून घेतली.

हात धुताना परसात दादाच्या कारखान्याची खूण असलेली पोती दिसली. आतल्या भुशाला हिरवट झाक होती.

"हे इथे कसं?"

"जिजाजी पाठवतात. सासरवाडीला रिकामी पोती वापस कशी भेजायची, म्हणतात. माझाच भुसा धुऊन-बिऊन परत येते. मेथीला टाकते. खतच हाय ना, भाऊजी?"

मी दादाला फोन लावला.

"अरे, पाणी साफ झालं ना?" तो म्हणाला.

"पण पाण्यातलं गेलं कुठे, दादा?"



मंगलताईला समजावून सांगितलं, की ही हिरवट झाक कारखान्याच्या पाण्यातल्या धातूची आहे आणि तो मेथीत उतरू शकतो. दुसऱ्या दिवशीच्या, रविवारच्या बाजारासाठी तिने मेथीच्या जुड्या बांधून ओट्यावर ठेवल्या होत्या.

"पोरीच्या डब्यात रोज हीच मेथी जाते," ती हळूच म्हणाली. मग आवाज चढला. "तुमीच लिवलं होतं, काम झाल्यावर भुसा काढून टाका. टाकला. कुठं टाकायचा ते काहून नाही लिवलं?"

जुड्या तिनेच प्लास्टिकच्या पोत्यात भरून तोंड बांधलं. शेळ्यांनाही लागू दिल्या नाहीत. उरलेला भुसा झाकणाच्या पिंपात बंद केला. तो जाळायचाही नाही, मातीतही घालायचा नाही. कारखान्याच्या घातक कचऱ्याबरोबरच जायला हवा. वाफ्यातली माती मी पिशवीत घेतली. मुलीला डॉक्टरांना दाखव आणि हे सगळं सांग, म्हणालो. निघताना तिने, मी खाऊ घेऊन गेलो होतो त्या रिकाम्या डब्यात साखर घातली. रिकामा डबा ती तरी कशी परत देणार?

घरी आलो तर आईने पिशवी उचलली. "मेथी आणलीस का रे?" तिच्या हातातून ती मी जरा जोरातच ओढली.

माती आज ओळखीच्या प्रयोगशाळेत दिली. निकाल यायचा आहे. भुसा धातू धरतो, हे अजूनही खरं आहे. धरलेला धातू त्याच्यातच राहतो, हे मला तेव्हाही माहीत होतं. लिहिताना ते इतकं उघड वाटलं, की लिहिलंच नाही. जुनी पोस्ट दुरुस्त केली, तरी झोप नाही. तिच्याखालच्या प्रतिक्रिया पुन्हा वाचल्या, या वेळी कौतुक सोडून.

उद्या: "आम्हीही सुरू केलं" असं लिहिलेल्या प्रत्येकाला गाठून विचारणे, वापरलेला भुसा कुठे टाकला.